चक बेरी इज ऑन टॉप (१९५९): हा अल्बम म्हणायचा की सिंगलांचा गठ्ठा?

रानजाई
नमस्कार मंडळी. या विभागात मी कायम वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी लेक नववीत आहे, दोन वर्षं गिटार शिकतेय. गेल्या महिन्यात सरांनी तिला 'जॉनी बी. गुड'ची सुरुवात दिली आणि तेव्हापासून घरात सकाळ-संध्याकाळ तेवढेच बारा-पंधरा सेकंद वाजताहेत. शेवटी म्हटलं, मूळ गाणं तरी नीट ऐकू. शोधताना अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीचा 'चक बेरी इज ऑन टॉप' सापडला. चेस रेकॉर्ड्स, शिकागो, जुलै १९५९. बारा गाणी, जेमतेम अर्धा तास.

आठ दिवस पोळ्या लाटताना हाच लावतेय. फार आवडला. पण मग कळलं की बारापैकी अकरा गाणी आधीच सिंगल म्हणून (छोट्या तबकडीच्या दोन बाजूंना एकेक गाणं) येऊन गेली होती, काही पुढच्या बाजूला, काही मागच्या. 'मेबलीन' तर थेट १९५५ चं. नवं म्हणावं असं फक्त शेवटचं, 'ब्लूज फॉर हवाईयन्स'. लेक म्हणते, "आई, ही तर प्लेलिस्ट आहे."

तर जाणकारांनो, याला स्टुडिओ अल्बम का म्हणायचं? आणि क्रमाने ऐकण्यात काही अर्थ आहे, की आवडेल ते लावावं?

चकली_बहाद्दर
शीर्षकात 'बेरी' वाचलं आणि साखरेचा डबा घेऊन धावत आलो. आमच्याकडे तूप कढवलं की बेरी पातेल्याच्या तळाला असते. ही वर कशी आली?

रानजाई
@चकली_बहाद्दर, खरवडायची तशीच आहे, थोडी आणि खमंग. :)

तबकडीवेडा
प्रश्न रास्त आहे, पण १९५९ च्या बाजारात उभं राहून बघायला हवं.

लाँग प्ले तबकडी कोलंबियाने १९४८ मध्ये आणली, पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये. त्यानंतरची बरीच वर्षं वाटणी साधारण अशी होती: मोठी तबकडी मोठ्या माणसांची, म्हणजे शास्त्रीय, जॅझ, ब्रॉडवेच्या नाटकांतली गाणी. छोटी तबकडी पोरांची. रॉक अँड रोल वाढलं ते छोट्या तबकडीवर, ज्यूकबॉक्सवर आणि रेडिओवर. पोरांच्या खिशात एका गाण्याचे पैसे असत, बारा गाण्यांचे नसत. त्यामुळे कंपनीने आधी गाणं सुटं विकायचं, चाललं की असलेल्या मालातून एक मोठी तबकडी भरायची, हीच रीत.

चेस कंपनीची मोठ्या तबकडीची सुरुवातच बघा. पहिली १९५६ च्या अखेरीची, 'रॉक, रॉक, रॉक!' या चित्रपटाची. दुसरी बेरीची 'आफ्टर स्कूल सेशन', मे १९५७. मग 'वन डझन बेरीज', मार्च १९५८, आणि त्यानंतर हा, त्याचा तिसरा. 'अल्बम म्हणून बांधलेला अल्बम' ही अपेक्षा आपण नंतरच्या काळातून मागे नेतो.

पण मी याला गठ्ठा म्हणणार नाही. चार वर्षांतल्या निवडक ध्वनिमुद्रणांत एकच माणूस, एकच कंपनी, मोजकेच साथीदार आणि एकच शिस्त दिसते: अडीच-तीन मिनिटांत गोष्ट सुरू करून संपवायची. एकसंधपणा त्यात आहे. कथासंग्रहातल्या कथा आधी दिवाळी अंकांत छापून आल्या म्हणून आपण त्याला पुस्तक म्हणायचं सोडतो का?

शेवटची_लोकल
दिवाळी अंकाचं उदाहरण एकदम पटलं. +१

पेटीवाला
आमचा प्रांत भजनाचा, इंग्रजी गाण्यांतलं फार कळत नाही. पण धागा वाचून उत्सुकता वाटली म्हणून 'जॉनी बी. गुड' लावलं आणि पेटी काढून सूर शोधला. काळी पाच! गिटारवाली मंडळी पांढरी तीन किंवा पांढरी सहा धरून बसतात, हे आमच्या मंडळातल्या पोरांमुळे माहीत आहे. या गृहस्थाने काळी पाच का धरली असावी?

सहा_तारा
@पेटीवाला काका, माझ्या मते या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

गिटारवर पांढरी तीन आणि पांढरी सहा सोयीच्या, कारण मोकळ्या तारा कामी येतात. काळी पाच आणि काळी दोन या पियानोवाल्यांच्या आणि फुंकवाद्यवाल्यांच्या पट्ट्या. बेरी त्यांत वाजवतो कारण तो घडला पियानोवाल्याच्या शेजारी उभा राहून. १९५२ ची ३१ डिसेंबरची रात्र. सेंट लुईसच्या नदीपलीकडे ईस्ट सेंट लुईसला कॉस्मोपॉलिटन क्लब होता. तिथे पियानोवादक जॉनी जॉन्सनच्या त्रिकूटातला सॅक्सोफोनवाला आजारी पडला आणि ऐनवेळी बदली म्हणून बेरीला बोलावलं. बदली म्हणून आलेला माणूस राहिला, आणि पुढे जथा त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

आता त्याच्या गिटारचा खालचा भाग ऐका. 'डुग-डुग डुग-डुग' असं जे चालतं, तो बुगीवुगी पियानोचा डावा हात आहे. दोन जाड तारांवर पंचम आणि धैवत आळीपाळीने. वरच्या जागा घेतानाही तो बहुधा एका तारेवर थांबत नाही, दोन तारा एकदम छेडतो, पियानोवर दोन बोटं पडावीत तशा. त्यामुळे आवाज जाड आणि टोकदार येतो, आणि एकच गिटार फुंकवाद्यांच्या अख्ख्या ताफ्यासारखी वाजते.

लयीतही एक गंमत आहे. ड्रमवरचा फ्रेड बिलो जॅझ शिकलेला, त्याचा ठेका डोलत जातो: लांब-आखूड, लांब-आखूड. बेरीची गिटार मात्र आठही ठोके सारखे कापत सुटते. दोघांतल्या त्या घर्षणातून गाण्याला धाव येते. @रानजाई, लेकीला सांगा की नुसते सूर बरोबर आले म्हणून ते 'तसं' वाटणार नाही. उजव्या हाताने सरळ राहायचं आणि कानाने डोलणारा ड्रम ऐकायचा.

आणि ती प्रसिद्ध सुरुवात संपूर्ण त्याची नाही. लुई जॉर्डनच्या १९४६ च्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन'ची सुरुवात ऐका. कार्ल होगनची गिटार, जवळजवळ सूर न् सूर तोच.

स्पष्टवक्ती
मग मूळ श्रेय होगनला द्या की! आणि जॉनी जॉन्सनला. 'जॉनी' हे नाव त्याच्यावरून घेतलं, पट्टी त्याची, डावा हात त्याचा, आणि गाण्यांवर नाव एकट्या बेरीचं. जॉन्सनने २००० साली दावा लावला, तो २००२ मध्ये मुदत उलटून गेल्याच्या मुद्द्यावर निकालात निघाला. मला हे कायम खुपतं.

सहा_तारा
जॉन्सनच्या बाबतीत मलाही खुपतं, वाद घालणार नाही. एक भर घालतो: 'जॉनी बी. गुड'च्या मुद्रणात पियानोवर जॉन्सन नसून लाफायेट लीक असल्याचं मानलं जातं.

होगनचं मात्र मी वेगळं धरतो. होगनकडे ती जागा गाण्याआधीची सजावट आहे, पुढे गाणं तिला विसरून जातं. बेरीने तीच जागा गाण्याच्या गळ्यात बांधली. ओळ गायची, गिटारने उत्तर द्यायचं, पुन्हा ओळ. बंदिश घराण्याकडून आली तरी ती कशी भरली यावरून आपण गवय्याला ओळखतो.

खंबाटकी
संगीतातलं कळत नाही, पण 'मेबलीन' ऐकून थांबलो. फोर्डवाला कॅडिलॅकचा पाठलाग करतोय, इंजिन तापलंय, तेवढ्यात पाऊस येतो, पाणी बॉनेटखाली शिरतं आणि गाडी पुन्हा जोर धरते. माझे वडील तीस वर्षं ट्रकवर होते. घाट चढताना रेडिएटर उकळला की काय जीव खालीवर होतो, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच ही ओळ सुचेल. दोन मिनिटांच्या गाण्यात ही बारकाई!

तबकडीवेडा
@खंबाटकी, वा! बेरीने मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं, केशरचनेचंही शिक्षण घेतलं होतं. हाताने काम केलेला माणूस आहे.

'मेबलीन'ची जन्मकथा थोडक्यात सांगतो. मे १९५५ मध्ये बेरी शिकागोत ब्लूज-गायक मडी वॉटर्सला भेटला, त्याने चेस रेकॉर्ड्सच्या लेनर्ड चेसकडे जायला सांगितलं. बेरीला वाटत होतं आपले ब्लूज आवडतील. चेसने हेरलं ते 'आयडा रेड' या जुन्या गावरान चालीवर रचलेलं गाणं. काळा माणूस गोऱ्या शेतकऱ्यांची चाल घेऊन गातोय, हे त्याला नवं वाटलं. नाव मात्र बदलायला लावलं. स्टुडिओत पडलेल्या मेबलीन छापाच्या मस्काऱ्याच्या डबीवरून ते सुचलं असं जॉन्सन सांगत. बेरी सांगे की शाळेच्या पुस्तकातल्या गोष्टीत त्या नावाची गाय होती. २१ मे १९५५ ला मुद्रण झालं आणि गाणं कृष्णवर्णीयांच्या आर अँड बी यादीत पहिलं, पॉप यादीत पाचवं आलं.

तबकडी हातात आली तेव्हा गीतकार म्हणून आणखी दोन नावं होती: रेडिओवर गाणी लावणारा अ‍ॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो. दोघांनीही त्यात एक शब्द लिहिला नव्हता. पूर्ण हक्क बेरीकडे परत यायला १९८६ उजाडलं. स्पष्टवक्ती, श्रेयाच्या हिशेबात हेही मांडायला हवं. तो स्वतः लुबाडला गेला होता, म्हणूनच पुढे आयुष्यभर पैसे हातात पडल्याशिवाय मंचावर चढत नसे.

स्पष्टवक्ती
हे मांडते. त्याने जॉन्सनचं नुकसान भरून येत नाही, पण मांडते.

फोंडेकर
अजून कुणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. या अल्बमातलं 'जॉनी बी. गुड' आज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेलंय आणि त्याच्या सोबत आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई आहेत!

१९७७ मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटाने पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस तुकडे निवडले, सगळे मिळून दीडेक तास. बाख, बीथोव्हेन, जावाचं गॅमेलन. अमेरिकन रॉकमधून एकटा चक बेरी, दोन मिनिटं अडतीस सेकंद. हिंदुस्थानी संगीतातून एकट्या सूरश्री केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. शिवाय पंचावन्न भाषांतले निरोप आहेत, त्यांत आपली मराठीही आहे.

व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला. मला हे लिहितानाही भरून येतं.

आता मूळ धाग्याशी जोडतो. तबकडीवेडा यांनी तीन मिनिटांची शिस्त म्हटलं ना? बाई मैफलीत एक राग तास-तासभर मांडत. पण जुन्या तबकडीच्या एका बाजूला मावेल तेवढ्याच जागेत भैरवी उभी करायची वेळ आली तेव्हा कुठे काही राहून गेलं असं वाटत नाही. छोट्या जागेत पूर्ण असणं ही वेगळी विद्या आहे. ती बाईंकडे होती, तीच बेरीकडे दिसते.

रानजाई
@फोंडेकर, अंगावर काटा आला. लेकीला आत्ता हाक मारून वाचून दाखवलं. आम्हाला दोघींनाही हे माहीत नव्हतं.

पेटीवाला
फोंडेकर, दंडवत घ्या. अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या आणि हा गिटारवाला एका तबकडीवर! आमच्या मंडळात सांगतो.

शेवटची_लोकल
अवांतर: रॉकला तिथे जागा देऊ नये, ते पोरकट संगीत आहे, असं लोकसंगीताचे अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स यांचं म्हणणं होतं. त्यावर सेगन म्हणाले होते की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत.

अण्णा_सातारकर
मी या धाग्यावरचा सगळ्यात म्हातारा सभासद असेन. रॉक अँड रोल माझ्या कानावर आलं ते चक बेरीकडून नाही, आपल्या चितळकर अण्णांकडून. सी. रामचंद्र मूळचे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. १९५७ चा 'आशा', त्यातलं 'ईना मीना डीका'. त्याच साली तिकडे बेरीचा पहिला अल्बम आला, हे आज इथे वाचून कळलं. त्या गाण्यात 'माका नाका' येतं ते कोंकणी, वाद्यमेळातल्या गोव्याच्या मंडळींकडून आलेलं असं सांगतात. फोंडेकरांना आवडेल. बेरी मी पुष्कळ नंतर ऐकला आणि ऐकताना वाटलं की या माणसाला कुठेतरी भेटलोय.

रानजाईबाई, तुमच्या शेवटच्या गाण्याबद्दल कुणी बोललं नाही. 'ब्लूज फॉर हवाईयन्स' मला फार जवळचं वाटलं. तारेवर सळई घसरवत वाजवायची स्टील गिटार. आपल्याकडे एक काळ असा होता की लग्नाच्या हॉलात, नभोवाणीवर, गणपतीत हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजत. व्हॅन शिपली यांच्या तबकड्या घरोघरी असत. सातासमुद्रापलीकडच्या अल्बमात तो सूर निघाला आणि मी खुर्चीतून उठून बसलो.

सहा_तारा
अण्णा, नमस्कार. हवाईचा टाऊ मो आणि त्याचं कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिलं होतं, आपल्याकडे ते वाद्य रुजण्यात त्यांचा मोठा हात. तेच वाद्य पुढे ब्रिजभूषण काबरांनी मांडीवर घेऊन रागदारीत आणलं.

अल्बमात मात्र ते गाणं मला उपरं वाटतं. बारावी जागा भरायला ठेवल्यासारखं.

अण्णा_सातारकर
असहमत. अकरा गाणी धावल्यावर बाराव्यात तो शब्द टाकून नुसता बसतो. मला ती भैरवी वाटते.

स्पष्टवक्ती
उपरं म्हणायचंच तर 'हे पेद्रो'ला म्हणा. मेक्सिकन माणसाच्या उच्चारांची नक्कल, बाकी काही नाही. 'अँथनी बॉय'मध्ये इटालियन पोराचीही तशीच गंमत. ज्याच्या स्वतःच्या रंगावर जन्मभर बोट ठेवलं गेलं, त्याने हे करावं याचं वाईट वाटतं. 'जॉनी बी. गुड'मध्ये त्याने आधी 'काळा मुलगा' लिहिलं होतं आणि रेडिओवर वाजावं म्हणून 'खेड्यातला मुलगा' केलं, हे त्यानेच सांगितलंय.

दुसरं. डिसेंबर १९५९ मध्ये, म्हणजे या अल्बमनंतर पाचच महिन्यांत त्याला अटक झाली. चौदा वर्षांच्या मुलीला अनैतिक हेतूने राज्याबाहेरून आणल्याचा गुन्हा. पहिल्या खटल्याचा निकाल न्यायाधीशाच्या वंशद्वेषी शेऱ्यांमुळे रद्द झाला, पण दुसऱ्यातही तो दोषी ठरला आणि १९६२-६३ मध्ये तुरुंगात होता. मी ही गाणी ऐकते. पण बत्तिशीतला पुरुष शाळकरी मुलामुलींची गाणी गातोय आणि ऐकणारी मुलगी नववीतली आहे, तर तिला हेही कळायला हवं असं मला वाटतं.

रानजाई
@स्पष्टवक्ती, धन्यवाद. वाचून दोन दिवस गप्प होते. काल लेकीला सगळं सांगितलं. तिने पुष्कळ प्रश्न विचारले, काहींना माझ्याकडे उत्तरं नव्हती. गिटार त्या दिवशी तिने हातात घेतली नाही. आज सकाळी घेतली.

मिसुरीकर
सेंट लुईसहून लिहितोय, उशिरा पोचलो. १९९६ ते २०१४ या काळात बेरी आमच्या इथे डेलमार रस्त्यावरच्या 'ब्लूबेरी हिल'च्या तळघरातल्या 'डक रूम'मध्ये महिन्यातून एकदा गायचा. एकूण २०९ कार्यक्रम झाले. त्यांतला एक मी ऐकला. नव्वदीकडे झुकलेला माणूस, डोक्यावर खलाशाची टोपी, मुलगा गिटारवर, मुलगी माउथऑर्गनवर. मधेच शब्द विसरायचा, गिटार भलत्याच पट्टीत सुरू व्हायची, मुलगा त्याच्याकडे बघून सावरून घ्यायचा. 'जॉनी बी. गुड' सुरू झालं आणि त्याला काही आठवावंच लागलं नाही, समोरचं सगळं तळघर गात होतं. माझ्या शेजारी एक आजी आणि तिची नात, दोघींना प्रत्येक शब्द पाठ.

जिथे तो जन्मला त्या रस्त्याचं नाव गुड अ‍ॅव्हेन्यू. गाण्यातला 'गुड' तिथून आला. गाण्यातला पोरगा लुईझियानाच्या लाकडी झोपडीतला, गोणपाटात गिटार घेऊन रुळांकाठी झाडाखाली बसणारा. खरा बेरी शहरातला, वडील चर्चमध्ये सेवेकरी, आई शिकलेली. हातात ती गिटार असलेला माणूस मात्र तोच.

चकली_बहाद्दर
साखर संपली, पण धागा सोडवेना. अर्धा तास सलग ऐकला आत्ता. 'जो जो गन'मधलं माकड सिंहाला हत्तीच्या नावाने चिथवतं, ते ऐकून धाकट्याने चार वेळा लावायला लावलं. अगदी पंचतंत्र.

तबकडीवेडा
@चकली_बहाद्दर, आफ्रिकन-अमेरिकन तोंडी कथांतलं जुनं माकड आहे ते, बेरीने त्याला ताल दिला. आणि धाकट्याला 'ऑलमोस्ट ग्रोन'चा कोरसही ऐकवा. मागे एटा जेम्स आहे, आणि तेव्हा कुणालाही ठाऊक नसलेला मार्व्हिन गे.

रानजाई
क्रमाचं उत्तर लेकीने शोधलंय.

काल रात्री दोघींनी पहिली बाजू सलग ऐकली, दिवा मालवून, फोन दुसऱ्या खोलीत. बाजू संपते 'जॉनी बी. गुड'वर. ती म्हणाली, "आई, त्याच्या आधी 'अँथनी बॉय' ठेवलंय. ते इतकं खेळकर आहे की आपण सैल बसतो, आणि मग एकदम गिटार येते." स्पष्टवक्तींना खटकलेलं गाणं ते, खटकतंच, पण जागा मात्र कुणीतरी विचार करून निवडल्यासारखी वाटली. सुटं गाणं शंभर वेळा ऐकून ती सुरुवात अशी अंगावर आली नव्हती. आता ती याला प्लेलिस्ट म्हणत नाही.

सहा_तारांनी सांगितलेलं सरळ हाताचं कालपासून चाललंय. जमत नाहीये अजून, ड्रम लागला की हात डोलायला लागतो. आणि पेटीवाला काका, तिने सरांना सांगून पट्टी बदलून घेतली. आता काळी पाच.

पेटीवाला
शाब्बास! तुम्ही सांगलीच्या असाल तर आम्ही मिरजेत आहोत, शनिवारी संध्याकाळी मंडळ बसतं. मुलीला गिटार घेऊन आणा. ड्रम नाही, पण आमचा ढोलकीवाला केरवा डोलवून वाजवतो. तिने सरळ राहायचं. मी सूर धरतो.

रानजाई
सांगलीचीच! येतो शनिवारी. अँप्लिफायर आणू का, तिथे प्लग आहे ना?